मानधन : एक शब्द, दोन विग्रह

समासप्रकरण शिकवताना 'मानधन' हा शब्द मी अनेक वर्षे उदाहरणादाखल घेत आलो आहे. आजच्या मराठी व्यवहारात त्याचा विग्रह 'मानाप्रीत्यर्थ दिलेले धन' असा होतो. संस्कृतात मात्र तो बहुव्रीही आहे, 'मान हेच ज्याचे धन आहे असा'. एका विग्रहात हातात काहीतरी पडते, दुसऱ्यात मानावरच भागवायचे असते. विद्यार्थ्यांना ही गंमत आवडते आणि परीक्षेत विचारायलाही ती सोयीची आहे. या दोन विग्रहांच्या मधल्या जागेत एखाद्या बाईचे उभे आयुष्य जाऊ शकते, हे मात्र २०२० सालापर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

त्या वर्षी टाळेबंदीमुळे मी शिरवळला, आमच्या जुन्या घरी होतो. नीरेकाठचे हे गाव सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पुणे-सातारा महामार्गावर आहे. इतिहासाच्या वाचकांना ते सुभानमंगळच्या लढाईमुळे ठाऊक असेल. आज औद्योगिक वसाहतीच्या आसपास परगावच्या कामगारांनी भरलेल्या खोल्यांच्या रांगा ही त्याची दुसरी ओळख आहे. सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली आणि एका दुपारी आमच्या भागातल्या आशाताई दारात उभ्या राहिल्या. हातात तापमापक, ऑक्सिमीटर आणि कडा दुमडलेली वही. मी त्या वेळी संगणकासमोर बसून पदव्युत्तर वर्गाला ग्रामीण कादंबरीतील वास्तव समजावून सांगत होतो. जाळीच्या दारातूनच मी म्हणालो, "आमच्याकडे सगळे ठीक आहेत, तसं लिहून टाका."

त्या गेल्या नाहीत. "अण्णांचा खोकला ऐकू येतोय. किती दिवस झालं?" त्यांनी विचारले. अण्णांना खोकला नेहमीचाच, असे सांगून मी दार लोटले. मोहिमेच्या दुसऱ्या फेरीत, ऑक्टोबरमध्ये, त्या पुन्हा आल्या. या वेळी मला काही न विचारता त्यांनी ओसरीवरच्या अण्णांशीच बोलणे काढले; वजन कमी झालेय का, रात्री घाम येतो का, हे विचारून घेतले आणि थुंकीच्या तपासणीचा आग्रह धरला. निदान क्षयाचे निघाले. पुढचे सहा महिने गोळ्या वेळेवर घेतल्या जातात की नाही, हे पाहायला त्या येत राहिल्या. अण्णा बरे झाले. मधले काही आठवडे जे वाया गेले ते माझ्या दार लोटण्याने गेले, हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. त्यामुळे ते मला अधिकच लागले.

या येण्याजाण्यात त्यांची वही मला वाचायला मिळाली. गरोदर बाया, नवजात बाळांचे वजन, लसीकरणाच्या तारखा, परगावच्या कामगारांच्या बायकांची नावे. यांतल्या कितीतरी बाया बाळंतपणासाठी गावी निघून जातात, तेव्हा नाव अर्ध्यावरच थांबते. पण वहीत जे लिहिलेले नव्हते ते त्यांच्या बोलण्यातून कळले. रात्री दीड वाजता कुणाला दवाखान्यात नेले, पहाटेपर्यंत बाकावर बसून राहिल्या. ती बाई योजनेच्या निकषांत बसत नसेल तर त्या रात्रीचा मोबदला नाही. आशांच्या कमाईचा मोठा भाग असा कामागणिक मिळणारा. काम केले पण तक्त्यात त्याला रकाना नाही, तर ते झालेच नाही.

एकदा त्यांनी एक परिपत्रक पुढे केले. "सर, तुम्ही मराठीचे. एवढं जरा सांगता का?" मी ते दोनदा वाचले. 'उपरोक्त विषयान्वये', 'लाभार्थीनिहाय', 'विहित नमुन्यात'. आणि जिथे सांगण्यासारखे काही नसेल तिथे 'निरंक' लिहावे. मराठीचा प्राध्यापक असूनही नेमके काय भरायचे ते मला लगेच उमगले नाही. साहित्याची भाषा वाचकापासून दूर गेली म्हणून आपण चर्चासत्रे घेतो. ही भाषा ज्यांच्या रोजच्या कामात येते त्यांच्यापासून किती दूर गेली आहे, याची चौकशी आपण करत नाही.

आरोग्याचे काम गावातल्याच बाईने करावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७०मध्ये जामखेडला काम सुरू केले. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहून रुजेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित. त्या दर आठवड्याला जामखेडला जमत, आपापल्या गावचे अनुभव सांगत, एकमेकींकडून शिकत. डॉक्टरांचे पथक गावात आले की त्या बाईच्या शब्दाला लोकांसमोर मान देई. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूतांना नवजात बाळाचे वजन, श्वास मोजणे, इतकेच नव्हे तर जंतुसंसर्गावर इंजेक्शन देणेही शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात बालमृत्यूचा दर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. तिथेही शिकवून सोडून दिले नव्हते. वरचेवर भेटणारा, चूक दाखवणारा, अडचण ऐकणारा पर्यवेक्षक होता. २०११पासून घरोघरी नवजात बाळाची काळजी हे काम देशभरच्या आशांकडे आले. कामाची यादी तिथून उचलली गेली. पाठीशी उभे राहण्याची रीत मात्र त्याच प्रमाणात उचलली गेली नाही, असे शिरवळच्या त्या वहीवरून तरी वाटते.

शासनाच्या शब्दकोशाचाही एक इतिहास आहे. २ ऑक्टोबर १९७७ला देशात सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू झाली, महिना ५० रुपये मानधनावर. थोड्याच वर्षांत 'कार्यकर्ता'चा 'स्वयंसेवक' झाला, मग 'मार्गदर्शक' झाला. पद शब्दागणिक चढत गेले, ५० रुपये तिथेच राहिले. २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून हजार लोकसंख्येमागे एक 'आशा' आली. हे इंग्रजी आद्याक्षरांतून साधलेले नाव मराठीत इतके चपखल बसले की त्यामागची बाई दिसेनाशी व्हावी. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. ऑक्टोबर २०२३मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनवाढीसाठी संपावर जावे लागले. एकाच कामाचे हे दोन विग्रह दोन वर्षांच्या आत आपल्यासमोर येऊन गेले.

संप चालू असताना आमच्या एका सुशिक्षित नातलगाने म्हटले, "सेवेला कसला संप?" मी पूर्वी कदाचित मान डोलावली असती. त्या दिवशी मी त्यांना विचारले, की माझे वेतन तहकूब झाले तर माझ्या अध्यापनाला आपण सेवा म्हणाल का? त्यांनी विषय बदलला. सेवा हा शब्द आपण नेहमी दुसऱ्याच्या कामासाठी राखून ठेवतो.

आता शिरवळला गेलो की एखाद्या रविवारी आमच्या ओसरीवर तीन-चार आशा जमतात. मी परिपत्रके साध्या मराठीत सांगतो, अर्ज लिहून देतो. चहा झाल्यावर त्या आपापल्या अवघड प्रसंगांविषयी बोलतात, तेव्हा माझे काम फक्त ऐकण्याचे. यातून व्यवस्था बदलणार नाही, हे मला ठाऊक आहे आणि त्यांना त्याहून अधिक. तरी या बैठकीला कुणी नागा करत नाही. अण्णा आधीच सतरंजी घालून बसलेले असतात.

मागच्या खेपेला मी त्यांना 'मानधन' शब्दाचे दोन्ही विग्रह सांगितले. आशाताईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि वहीत पुढची तारीख टाकत म्हणाल्या, "सर, पहिला महिन्याच्या महिन्याला येऊ द्या. दुसरा आमचा आम्ही सांभाळून आहोत."

यंदा समास शिकवताना मी हे उत्तर वर्गात सांगितले. परीक्षेत तो प्रश्न या वेळी विचारला नाही.