मुका पट्टा

मोटारगाडीविषयी मी काही लिहितो आहे, हे ऐकून माझे जुने सहाध्यायी हसतील. मॅट्रिकपलीकडे माझी मजल गेली नाही. वाईस शास्त्रीबुवांच्या ओसरीवर बसून लघुकौमुदी व तर्कसंग्रह घोकला आणि त्याच शिदोरीवर पुढे तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले. यंत्रविद्येशी माझा संबंध एवढाच, की २००६ साली घेतलेली एक लहान पेट्रोलची गाडी आमच्या दारी आहे व ती मी स्वत: चालवितो. परंतु गेल्या वर्षी ह्या गाडीने तर्काचा एक विसरलेला धडा मजकडून पुन्हा गिरवून घेतला. ज्यांच्या दारी अशी वृद्ध गाडी असेल त्यांस ती हकीकत उपयोगी पडावी.

दिवाळीच्या सुमारास, सकाळी गाडी सुरू करताच पुढल्या बाजूने किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला. ‘टायमिंग बेल्ट गेला!’ असा निर्णय शेजाऱ्यांनी गच्चीवरूनच दिला. आमच्या गावी गॅरेज चालविणारा एक मेकॅनिक माझा विद्यार्थी आहे. ‘राम’ शब्दाच्या तृतीयेपलीकडे हा मुलगा कधी गेला नाही, आणि त्याबद्दल माझ्या हातच्या छड्याही त्याने खाल्ल्या आहेत. त्याने बॉनेट उघडले, इंजिन चालू ठेवून बाहेरच्या पट्ट्यावर थोडेसे पाणी शिंपडले, तो आवाज तत्काळ बदलला. “हा फॅन बेल्ट ओरडतोय, गुरुजी. टायमिंगचा नव्हे.” पट्टा बदलला, आवाज गेला. मी पैसे काढू लागलो तेव्हा तो म्हणाला, “पण आतला टायमिंग बेल्ट कधी बदललाय?”

कधीच नाही, असे मी सांगितले.

“मग तोही बदलू या. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरतो, तोही त्याच वेळी बघून होईल.”

गाडी अवघी ४१ हजार किलोमीटर चालली आहे, हे मी त्यास आकडा दाखवून सिद्ध केले. तो म्हणाला, “किलोमीटर कमी झालेत, पण वर्षं किती झाली बघा. रबर आहे ते. उभ्या गाडीतसुद्धा म्हातारं होतं.” माझ्या मनात त्या वेळी काय आले ते लिहितो, कारण ते लपविले तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटले, सहा हजारांचे काम काढून हा बिल वाढवू पाहतो आहे. “आवाज आला की बघू,” एवढे बोलून मी निघालो. सौ. गाडीतच होत्या. “अहो, करून टाका ना तो म्हणतोय तर,” असे त्या म्हणाल्या. त्यांचेही मी ऐकले नाही.

हा पट्टा करतो तरी काय? पिस्टनच्या वरखाली होण्याने खालचा क्रँकशाफ्ट फिरतो. वरचा कॅमशाफ्ट व्हॉल्व्हची दारे उघडतो व मिटतो. खालच्याचे दोन फेरे होतात तेव्हा वरच्याचा एक व्हावा लागतो, आणि तोही नेमक्या क्षणी. घनपाठ म्हणणाऱ्या दोघा वैदिकांपैकी एक एका मात्रेने मागे राहिला तर जे होईल तेच येथे होते. पूर्वी हे मेळाचे काम साखळीकडे किंवा दातेरी चक्रांकडे असे. जर्मनीच्या ग्लास कंपनीने १९६२ साली आपल्या मोटारीत ते दातेरी रबरी पट्ट्याकडे सोपविले, आणि पुढे पुष्कळांनी तोच मार्ग धरला. पट्टा हलका व शांत. परंतु साखळी झिजली तर बहुधा खडखडाट तरी करते. हा बिचारा झाकणाआड मुकाट्याने झिजतो.

माघातल्या एका संध्याकाळी मेहुणीस भेटून आम्ही उभयता पाचगणीहून परतत होतो. पसरणीचा घाट निम्मा उतरलो असू, तोच इंजिन एकाएकी निमाले. ना धडाका, ना धूर. फक्त समोरचे तांबडे दिवे लागले. मी क्लच दाबला. पहिल्या दोन वेळा ब्रेक नेहमीप्रमाणे लागला. तिसऱ्या खेपेस तो पायाखाली दगडासारखा घट्ट झाला, कारण त्यास साह्य करणारे इंजिनच थांबले होते. सर्व बळ एकवटून, हँडब्रेक ओढून, डोंगराच्या कडेस गाडी कशीबशी उभी केली. दरीची बाजू सौ.च्या हाताकडे होती. त्यांनी माझ्या सदऱ्याची बाही घट्ट धरली होती, हे मला गाडी थांबल्यावर कळले.

मग मी सेल्फ मारला. नेहमी ते इंजिन अडखळत, दम घेत फिरते. त्या वेळी ते हलके आणि एकसारखे फिरले. दोर तुटून घागर विहिरीत पडल्यावर रहाट फिरतो तसे. ह्या आवाजाचा अर्थ मजला कळला नाही म्हणून मी पाचसहा वेळा सेल्फ मारला. हेही चुकलेच. फोनवर विद्यार्थी म्हणाला, “किल्लीला आता हात लावू नका. मी आलोच.”

तो दुचाकीवर आला. ऑइल भरण्याचे झाकण काढून त्याने माझ्या हाती विजेरी दिली व स्वत: क्षणभरच किल्ली फिरविली. खाली क्रँक फिरत असल्याचे ऐकू येत होते. झाकणाच्या भोकातून दिसणारा कॅमशाफ्ट मात्र निश्चल. पट्टा तुटल्याचे ते प्रत्यक्ष प्रमाण! काही इंजिनांत व्हॉल्व्ह व पिस्टन ह्यांत अंतर राखलेले असते व ती अशा वेळी वाचतात. आमच्या इंजिनात दोघांची जागा एकच, वेळ मात्र निराळी. हेड उतरवून पाहता चार व्हॉल्व्ह वाकलेले निघाले. सहा हजारांच्या जागी सव्वीस हजार गेले.

तर्कसंग्रह शिकलेल्या माणसाचा हा हेत्वाभास! जेथे पट्ट्याचा रोग तेथे आवाज, अशी व्याप्ती मी मनाशी धरली होती. ती मुळातच नव्हती. आवाज गेल्याने बाहेरचा पट्टा बरा झाला, एवढेच सिद्ध झाले. आतल्याची चिन्हे वेगळी. किती किलोमीटर आणि किती वर्षे, ह्यांत जी मर्यादा आधी येईल ती खरी. सीलमधून तेल किंवा पंपातून पाणी झिरपून पट्ट्यावर येते काय, हे पाहावे. एखादा दात सरकला तर गाडी रडतखडत सुरू होते, चढावर दम सोडते. झाकण काढून दात व भेगा पाहता येतात. परंतु हल्लीचे रबर शेवटपर्यंत धड दिसते, म्हणून त्या पाहण्यावरही फार विसंबू नये, असे माझा विद्यार्थी म्हणतो. मी आता त्याचे ऐकतो.

गाडी परत आणावयास गेलो तेव्हा आरंभीच मी म्हटले, “बाळ, त्या दिवशी मी तुझ्याविषयी भलता संशय घेतला.” तो हात पुसत म्हणाला, “माहीत होतं, गुरुजी. तुमच्या तोंडावर दिसत होतं.” नंतर त्याने बॉनेटच्या आतल्या बाजूस एक चिठ्ठी चिकटविली. तीवर तारीख, किलोमीटरचा आकडा आणि खाली खडूसारख्या जाड अक्षरात ‘टायमींग बेल्ट बदल्ला’. माझा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला होता. तो मी तसाच मागे घेतला.