निरंक अहवालही हवा

पावसाळा तोंडावर होता. जिल्ह्याच्या साथरोग सर्वेक्षण कक्षात ऑनलाइन अहवालाची आखणी चालली होती आणि माहितीची बाजू माझ्याकडे होती. टॅब्लेट किती लागतील, लॉगिन कोणाला द्यायचे, प्रशिक्षण कधी, अशी चर्चा रंगली असताना एका उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेने विचारले, "सर, आठवड्यात जुलाबाचा एकही रुग्ण आला नाही, तर काय भरायचं? की भरायचंच नाही?"

या प्रश्नाने बैठकीचा रोख बदलला. रुग्णच नसलेले गाव आणि अहवालच न आलेले गाव नकाशावर सारखेच कोरे दिसते. पहिल्या गावाची काळजी नको. दुसऱ्या गावात सेविका रजेवर असेल, मोबाइलला रेंज नसेल, किंवा रुग्णांच्या गर्दीत तिला लिहायला सवडच मिळाली नसेल. म्हणून 'निरंक' हीसुद्धा नोंद ठरली. ती आली नाही, तर त्या उपकेंद्राला त्याच दिवशी फोन जाणार.

देशात साथरोग सर्वेक्षणाच्या कामाला जोर आला तो 1994 मध्ये सुरतेत प्लेगची साथ आल्यानंतर. 2004 मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला आणि तीन फॉर्म रूढ झाले. आरोग्यसेविका लक्षणांवरून 'एस' भरते, वैद्यकीय अधिकारी संभाव्य निदानाचा 'पी' आणि प्रयोगशाळा तपासणीअंती 'एल'. सोमवार ते रविवार असा आठवडा धरून आकड्यांची बेरीज वर जाई. 2018 मध्ये काही राज्यांत आणि एप्रिल 2021 मध्ये देशभर नवा ऑनलाइन मंच आला. त्यात आजारांची संख्या 18 वरून 33 झाली आणि बेरजेऐवजी एकेका रुग्णाची नोंद गावासह होऊ लागली.

नुसत्या बेरजेत एक अडचण होती. तापाचा एकच रुग्ण सेविकेच्या वहीत, डॉक्टरांच्या नोंदीत आणि प्रयोगशाळेच्या यादीत असे. तिन्ही आकडे एकत्र केले, की एकाचे तीन होत. रुग्णनिहाय नोंदीत तिन्ही टप्पे एकाच नावाला जोडता येतात. मात्र त्यासाठी नाव, वय, मोबाइल आणि गाव सगळीकडे सारखे लिहावे लागते. एका जिल्ह्यात वडगाव नावाची कितीतरी गावे असतात. त्यामुळे गावाचे नाव हाताने टाइप न करता तालुका निवडून यादीतून घ्यायचे, असा आग्रह कक्षाने धरला.

तारखांचेही तसेच. लक्षणे सुरू झाल्याचा दिवस, दवाखान्यात आल्याचा दिवस आणि नोंद भरल्याचा दिवस वेगवेगळे असतात. साथ कधी सुरू झाली, हे पहिल्या तारखेवरून कळते. सोमवारी एकदम भरलेल्या नोंदी त्या तारखेशिवाय पाहिल्या, तर सगळे गाव सोमवारीच आजारी पडले असे वाटेल.

पत्त्याचे मोल जानेवारी 2025 मध्ये पुण्याने पाहिले. गिलाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण शहरातल्या निरनिराळ्या रुग्णालयांत दाखल होत होते. त्यांचे पत्ते एकत्र मांडल्यावर सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी हा पट्टा ठळक दिसला आणि तपासाचा रोख तिथल्या पाण्याकडे वळला. रुग्णालयाचा पत्ता हा रुग्णाचा पत्ता नव्हे, आणि खासगी डॉक्टरांना बाहेर ठेवून साथ कळत नाही, ही दोन्ही सूत्रे आखणीत वर गेली.

डोंगराळ भागातल्या सेविकांनी रेंजचा मुद्दा लावून धरला. नोंद मोबाइलमध्येच साठावी, रेंज मिळाली की पुढे जावी आणि ती पोहोचल्याची खूण सेविकेला दिसावी, ही त्यांची मागणी मान्य झाली. एकाच गावात दोन-तीन दिवसांत जुलाबाचे बरेच रुग्ण दिसले, तर मात्र फॉर्मची वाट न पाहता आधी फोन करायचा, नोंद मागाहून.

शेवटची मागणीही त्यांचीच. वर्षानुवर्षे माहिती वर जाते, खाली काहीच येत नाही, असे एक ज्येष्ठ सेविका कळवळून म्हणाली. मला तिचे म्हणणे मनापासून पटले. आपल्या आकड्यांचे पुढे काय झाले हे तिला कळायलाच हवे. त्यानुसार दर आठवड्याला प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला एक पान परत पाठवायचे ठरले: कोणत्या गावात काय वाढले, कोणत्या पाण्याच्या नमुन्याचा निकाल आला आणि कोणाचा अहवाल अजून बाकी आहे.