न लावलेला गंधार

नव्या हेडफोनवर मी सगळ्यात आधी किशोरीताईंचा भूप लावला आणि दोन मिनिटांत हेडफोन काढून ठेवले. तबल्याचा बाया छातीत घुमत होता, ताईंचा आवाज अगदी जवळ आला होता, पण मागे तंबोरा नुसता वाजत होता. त्यातून गंधार उठत नव्हता.

ही खरेदी मी घाईने केली नव्हती. महिनाभर रोज रात्री डोंबिवलीतल्या घरी बसून परीक्षणं वाचली, व्हिडिओ पाहिले, आलेख ताडून पाहिले. सगळ्यांनी एकमुखाने नावाजलेली वस्तू मागवली होती.

गंधाराचं एवढं काय, हे सांगायला हवं. भूपासाठी तंबोऱ्याची पहिली तार पंचमात लावतात, मधल्या दोन जोडीच्या षड्जात आणि शेवटची खर्जात. गंधाराची तार नसतेच. तरी तंबोरा नीट जुळला, की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलू लागतो. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचं कंपन तिच्याच पोटात असतं, जवारी बरोबर लागली की ते मोकळं होतं. कल्याणला आमच्या गाण्याच्या बाई घोडी आणि तार यांच्यामधला सुती दोरा नखाने केसभर सरकवायच्या, तार छेडायच्या आणि माझ्याकडे बघून विचारायच्या, "आला?" मला काहीच आलेलं नसायचं. तरी मी "हो" म्हणायची. त्या काही न बोलता दोरा पुन्हा मागे घ्यायच्या. असे कितीतरी आठवडे गेले. मग एका संध्याकाळी त्यांनी विचारायच्या आधीच तो आला. तारेच्या वर, धुरासारखा, कुणीही न लावलेला. त्या दिवशी बाई हसल्या. मिरजेचे तंबोरे करणारे कारागीरसुद्धा जवारी काढतात ती शेवटी कानानेच.

परीक्षणं वाचताना मी पुन्हा तेच केलं होतं. दुसऱ्यांना आलेल्या गंधाराला "हो" म्हटलं होतं.

लिहिणारे खोटं बोलत होते असं मला मुळीच वाटत नाही. त्यांनी त्यांच्या कानांनी ऐकलं. पण कानाची पाळी, आतली नळी प्रत्येकाची निराळी. ही नळीच 3000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज उचलून धरते, आणि नेमका कुठे नि किती, ते माणसागणिक बदलतं. त्यात मला चष्मा. चष्म्याच्या काडीमुळे गादी कानामागे जराशी उचलली जाते आणि त्या फटीतून खर्ज निसटतो. माझ्या चष्म्याचा हिशेब कुठल्या आलेखात असणार?

रविवारी ठाण्याला गेले, फोनमध्ये तोच भूप घेऊन. दुकानदार भला माणूस होता. "ताई, निवांत बसा," म्हणाला. तीन जोड समोर ठेवले. दुसरा लावताक्षणी आवडला, अगदी घ्यावासा वाटला. मग लक्षात आलं, की तो फक्त थोडा मोठ्याने वाजत होता. कान इथे हमखास फसतो. जरा मोठा आवाज त्याला जास्त चांगला वाटतो. म्हणून कानावर विसंबायचं तर त्याची उलटतपासणीही करायला हवी. तिघांचा आवाज सारखा केला, चष्मा डोळ्यांवरच ठेवला, डोळे मिटले आणि दुकानातल्या मुलाला म्हटलं, हवा तो क्रम लाव, मला सांगू नकोस. अर्धा तास गेला. एका जोडात बाया जरा मागे सरकला, जागा झाली आणि त्या जागेत गंधार उभा राहिला. तीनदा क्रम बदलला, तीनदा तिथेच.

परतीच्या लोकलमध्ये मात्र भूप लावला नाही. बाहेरचा आवाज दाबणारे हेडफोन चाकांची सलग घरघर बरीचशी गिळतात, माणसांचं बोलणं नाही, आणि मग हात आवाज वाढवायला जातो. कॉलेजात असताना फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगदा आला की वॉकमनचं चाक मी शेवटपर्यंत फिरवायची. आज त्याचं वाईट वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90 डेसिबल फक्त 4 तास. ज्या कानावर भरवसा ठेवायचा तो राखायलाही हवा.

घरी आल्यावर आईच्या कानाला लावले. तिने बराच वेळ ऐकलं, मग म्हणाली, "छान आहे गं, पण मला शब्द पुसट लागतात." पंचाहत्तरी ओलांडली की वरच्या पट्टीतलं बरंच विरत जातं, आणि व्यंजनांचा काठ तिथेच असतो. मी तिला समजावायला तोंड उघडलं होतं, की हेच उत्तम आहेत, मी तिघांतून निवडलेत. मिटलं.

येत्या रविवारी तिला घेऊन ठाण्याला जायचंय. 'मंदारमाला'तलं रामभाऊ मराठ्यांचं एक पद तिने आतापासूनच माझ्या फोनमध्ये काढून ठेवायला लावलंय. त्यातल्या तानेआधीचा एक शब्द स्पष्ट आला पाहिजे, म्हणते. कुठला, ते दुकानात सांगणार आहे.