चर्चगांवांतील हिंवाळा

नोव्हेंबर संपत आला होता. दुपारचे जेमतेम दोन वाजले होते, पण सूर्य केव्हांच मावळून गेला होता. स्वीडनच्या उत्तर भागांत, बॉथ्नियाच्या आखाताच्या टोकाशीं, लूलेओ हें शहर आहे. त्यापासून सुमारें दहा किलोमीटरांवरील गामेलस्टाड या जुन्या ठिकाणीं आम्ही मोटारींतून उतरून बर्फांत उभे होतों. माझा पुतण्या लूलेओच्या तांत्रिक विद्यापीठांत आहे. त्याच्याकडे महिना-दीड महिना राहावयास म्हणून मी व आमच्या सौभाग्यवती गेलों होतों. शहाणीं माणसें त्या देशीं उन्हाळ्यांत जातात. आम्हांस सवड मिळाली ती ऐन हिंवाळ्यांत.

समोर एका उंचवट्यावर दगडी चर्च होतें, आणि त्याच्या सभोंवार तांबड्या रंगाचीं, पांढऱ्या चौकटींचीं, बैठीं लाकडी घरें एकमेकांस बिलगून बसलीं होतीं. गल्ल्या अरुंद, खिडक्यांस झडपा लावलेल्या, धुराड्यांतून धूर नाहीं, दारापुढील बर्फावर पावलें नाहींत. सौ. म्हणाल्या, “अहो, सगळें गांव गेलें तरी कोठें?”

गांव कोठेंच गेलें नव्हतें. तें तेथें कधीं राहिलेंच नव्हतें. कांहीं थोडीं कायम वस्तीचीं घरें सोडलीं, तर हीं सारीं घरें राहण्याकरितां बांधलेलींच नाहींत. जुन्या काळीं स्वीडनमध्यें रविवारीं उपासनेस हजर राहणें हें सक्तीचें होतें. चर्चपासून साधारण दहा किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्यानें दर रविवारीं यावें, वीसच्या आंत राहणाऱ्यानें एक रविवार सोडून, आणि त्याहून दूरच्यानें दर तिसऱ्या रविवारीं. उत्तरेकडे वस्ती विरळ, चर्च एक आणि रानें अफाट; एका दिवसांत येऊन परत जाणें शक्यच नसे. म्हणून कुटुंबांनीं चर्चभोंवतीं रात्रीपुरतीं घरें बांधलीं. पंढरपुरास किंवा आळंदीस फडकऱ्यांचे मठ व निरनिराळ्या गांवांच्या धर्मशाळा असतात, तसाच हा प्रकार. भेद इतकाच कीं येथें खोली कुटुंबाच्या मालकीची, आणि वारी वर्षांतून दोनदां नव्हे, तर महिन्यांतून एक-दोनदां. एका घरांत दोन-तीन खोल्या, प्रत्येकीचा धनी वेगळा. स्वीडनमध्यें अशीं सत्तरांवर चर्चगांवें होतीं, त्यांतील सोळा उरलीं आहेत. त्यांत गामेलस्टाड सर्वांत मोठें. येथें ४२४ घरें आहेत. १९९६ सालीं त्याची जागतिक वारशाच्या यादींत गणना झाली. आजही त्या खोल्यांतून बारमाही बिऱ्हाड करण्याची परवानगी नाहीं.

या गांवाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. १६२१ सालीं येथें शहराची स्थापना झाली, कारण खालीं बंदर होतें. परंतु हिमयुगांत बर्फाच्या भारानें दबलेली त्या भागांतील जमीन तो भार गेल्यापासून वर येत आहे, व शतकास पाऊण मीटराहून अधिक उंच होते. समुद्र मागें सरला, बंदर उथळ झालें, आणि १६४९ सालीं शहर उठून खालीं पाण्यापाशीं गेलें. जुन्या ठिकाणास ‘गामेलस्टाड’, म्हणजे जुनें शहर, हें नांव पडलें. व्यापारी गेले, जहाजें गेलीं. पण चर्च उचलून नेतां येईना, म्हणून चर्च व त्याभोंवतींचीं घरें राहिलीं.

आम्हांस वाटे कीं एवढ्या थंडींत माणसें घरांत कोंडून बसत असतील. प्रकार उलटाच आहे. उन्हाळ्यांत त्या मुलखांत दलदल आणि नद्या. हिंवाळ्यांत तेंच सर्व गोठून एकसंध रस्ता होतो. घोड्यांच्या घसरगाड्या नदीच्या व समुद्राच्या बर्फावरून सरळ धांवत. आजही लूलेओस समुद्राच्या बर्फावर रस्ता आंखतात आणि त्यावरून मोटारी जातात. पुतण्यानें आम्हांस ती सफर मागाहून घडविली, सौ. डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या, आणि मी केवळ पुरुष म्हणून मोठ्यानें म्हणत नव्हतों! तर हिंवाळा हाच जाण्या-येण्याचा काळ. शनिवारीं घसरगाड्या यावयाच्या, घोडे तबेल्यांत बांधावयाचे, कोपऱ्यांतील चूल पेटवावयाची, घरून आणलेली शिदोरी सोडावयाची. रविवारीं उपासना, आणि तिच्या आधीं-नंतर बाजार, करभरणा, देणींघेणीं, दूरच्या आप्तांच्या गांठी. तरुण मुलामुलींसही येथें एकमेकांस भेटण्यास मोकळीक असे, आणि पुष्कळ सोयरिकी येथेंच जमत. आपल्याकडेही लग्नकार्यांत नव्या सोयरिकी जुळतातच. मात्र तेथें वडील मंडळी काणाडोळा करीत, आपल्याकडे तीच पुढाकार घेते.

चर्च लोकांकडे जाई तें निराळ्या कारणानें. १६८६ च्या धर्मकायद्यानें पाळकावर असें बंधन घातलें कीं, त्यानें दरवर्षीं आपल्या मंडळींतील प्रत्येक घराची परीक्षा घ्यावी. शेतीचीं कामें आटोपल्यावर पाळक वाडीवाडींत जाई. एका मोठ्या घरीं सर्व जमत. मालक, मालकीण, मुलें, गडी, मोलकरणी यांस एकेक करून वाचावयास लावीत व ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरावली विचारीत. कोणास किती वाचतां येतें, किती समजतें, याची नोंद मोठ्या वहींत होई. आपल्या शाळाखात्याच्या डेप्युटींनीं घरांतील आजीसही उभें करून धडा वाचावयास सांगावा, असाच हा देखावा! परंतु त्याचें फळ असें कीं शाळा सार्वत्रिक होण्यापूर्वीं एक शतकभर तेथील शेतकरणी वाचूं लागल्या होत्या. देशाची जन्ममृत्यूची नोंदही १९९१ पर्यंत चर्चच ठेवीत असे.

आगमनकालाच्या पहिल्या रविवारीं आम्ही उपासनेस गेलों. नाताळापूर्वींचे हे चार रविवार. दर रविवारीं एकेक मेणबत्ती अधिक लागते. घरोघर खिडकींत कागदी तारा व सात दिव्यांची कमान ठेवतात. आपल्या आकाशकंदिलाची व पणत्यांची आठवण न झाली तरच नवल. नेडरलूलेओ हें तें चर्च १४९२ सालचें, म्हणजे कोलंबस अमेरिकेस लागला त्याच वर्षीं त्याची प्रतिष्ठा झाली. तेव्हां येथें ल्यूथर नव्हता, पोप होता. वेदीवरील सोनेरी लाकडी कोरीवकाम त्याच जुन्या काळचें. १५२० च्या सुमारास अँटवर्पहून आणविलेलें. १५२७ पासून स्वीडन रोमपासून दूर झालें, तरी या मंडळींनीं चित्रें पुसलीं नाहींत कीं मूर्ति फोडल्या नाहींत. इतरत्र या पंथभेदाच्या नांवावर काय काय फुटलें हें आठवलें म्हणजे हा सोशिकपणा विशेष वाटतो. त्या दिवशीं सर्व देशभर एकच होसान्ना-गीत गातात. त्याची चाल फोग्लर नांवाच्या अठराव्या शतकांतील एका कॅथलिक धर्मगुरूची आहे, आणि याचें कोणास कांहीं वाटत नाहीं. उपासना चालविणाऱ्या पाळक एक बाई होत्या. स्वीडनमध्यें १९६० पासून स्त्रियांस ही दीक्षा मिळते, आणि २०१४ ते २०२२ पर्यंत तर तेथील मुख्य धर्मपीठावर एक स्त्री होती. सौ. चर्चमधून बाहेर पडतांना बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “आवाज किती शांत होता नाहीं त्यांचा!”

तेरा डिसेंबरला लुसियाचा उत्सव. पांढरा पायघोळ झगा, कमरेस तांबडी पट्टी, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट अशी एक मुलगी पुढें, मागें हातांत दिवे घेतलेलीं मुलें, आणि सर्वांच्या मुखीं हळूं आवाजांतील गाणें. संत लुसिया ही सिसिलीची, चालही नेपल्सची, पण अंधाराची किंमत ज्यांस ठाऊक त्यांनीं तिला दत्तक घेतली आहे. हा मूळचा घरगुती सोहळा १९२७ सालीं स्टॉकहोमच्या एका वृत्तपत्रानें चव्हाट्यावर आणला व मग तो देशभर पसरला. एका संपादकानें घरांतला उत्सव सार्वजनिक केल्याची गोष्ट मराठी माणसास कांहीं नवी नाहीं! त्या दिवशीं केशर घातलेले पिवळे पाव करतात. आमच्या सौ.नीं एक घांस घेतला आणि निर्णय दिला, “केशर हात राखून घातलेलें नाहीं.”

पण खरी मंडळी आम्हांस भेटली ती शिवणमंडळांत. आमच्या सूनबाईंस स्वीडिश चांगलें येतें, तिनें सौ.स तेथें नेलें, आणि मागोमाग मीही गेलों. चर्चच्या सभागृहांत आठ-दहा वृद्ध बायका विणीत बसल्या होत्या. मध्यभागीं कॉफी आणि सात प्रकारचीं बिस्किटें. पाहुण्यासाठीं सातांहून कमी ठेवणें अप्रशस्त, अशी जुनी समजूत. एकोणिसाव्या शतकापासून अशीं मंडळें गांवोगांव आहेत. वर्षभर विणलेले मोजे, हातमोजे, चादरी, भाजलेले पाव, यांचा आगमनकालाच्या सुमारास लिलाव होतो व पैसा धर्मकार्यास जातो. लिलावांत कॉफीचें एखादें पुडकें घेणारा तें परत टेबलावर ठेवतो, म्हणजे तें पुन्हां विकतां यावें. अशा रीतीनें एकच पुडकें चार वेळां विकलेलें आम्हीं पाहिलें.

आम्ही हिंदुस्थानांतले म्हणतांच एक बाई मोठ्या प्रयासानें उच्चारल्या, “छिंदवाडा.” आम्ही चकितच झालों. मग उलगडा झाला. १८७० नंतरच्या दशकांत एका स्वीडिश ल्यूथरपंथी मिशननें मध्यप्रांतांत सागर, छिंदवाडा या बाजूस काम सुरू केलें, आणि तेथें जाणारा पैसा असल्याच मंडळांच्या सुयांतून निघे. त्यांची आई त्यासाठीं विणीत असे. छिंदवाड्याच्या सौंसर भागांत आमचीच भाषा बोलतात, हें सूनबाईनें त्यांस सांगितलें, तेव्हां त्या आजीबाईंनीं सौ.चा हात जो धरला तो कॉफी निवेपर्यंत सोडला नाहीं. धर्मांतराच्या कामाविषयीं माझें मत त्यांच्याहून वेगळें आहे. तें त्या वेळीं बोलण्याचें मला कारण दिसलें नाहीं.

ह्या आजीबाईंची चर्चगांवांत एक खोली आहे. आजोबांकडून वडिलांकडे व वडिलांकडून त्यांच्याकडे आलेली. मुलगा वारला, नात गोटेबोर्ग येथें, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकास. त्या म्हणाल्या, “पूर्वीं रस्ता लांब होता म्हणून खोली लागे. आतां घरून चर्चपर्यंत मोटारीनें वीस मिनिटें. खोली कशाला, असें लोक विचारतात.” आणि मग त्यांनीं विचारलें, “तुमच्याकडे घर कोणाकडे जातें?”

सौ.नीं माझ्याकडे पाहिलें. वाईस आमचा वाडा आहे. चार बिऱ्हाडांपैकीं तिघांचे धनी पुण्यास आणि परदेशीं; गौरी-गणपतीस कुलपें निघतात आणि विसर्जनानंतर पुन्हां लागतात. गेल्या वर्षीं वाडा विकण्याचें पत्र फिरलें, त्यावर सही करावयाची मी टाळीत आलों आहें. हें सर्व सूनबाईस भाषांतर करून कसें सांगावें? सौ.च बोलल्या, “आमच्याकडेही सणापुरतेंच दार उघडतें, म्हणावें.” आजीबाईंनीं मान हलविली, जणूं हें त्यांस ठाऊकच होतें. नात नाताळास येईन म्हणाली आहे, पाहूं, एवढेंच त्या म्हणाल्या.

त्यांची चिंता एकट्याची नाहीं. १९७२ सालीं स्वीडनमध्यें शंभरांतील पंचाण्णव माणसें या चर्चचीं सभासद होतीं; आज सुमारें निम्मीं आहेत. २००० सालीं राज्य व चर्च विभक्त झालीं. सक्ती गेली हें उत्तमच झालें. सक्तीनें भरलेलीं मंदिरें कोणास हवीं? पण सक्तीबरोबर येण्याचें निमित्तही गेलें.

नाताळच्या आदल्या दिवशीं संध्याकाळीं लोक दफनभूमींत जाऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. बर्फांत लहान खळगा करून त्यांत ज्योत ठेवतात, म्हणजे आजूबाजूचा बर्फ आंतून उजळतो. जे कधीं चर्चला येत नाहींत तेही त्या दिवशीं येतात. आमच्यापुढें एक दणकट तरुण गुडघ्यावर बसून हातमोजा काढून काडी ओढीत होता. वारा ती विझवी आणि तो पुन्हां ओढी.

दुसऱ्या दिवशीं उजाडण्यापूर्वींची उपासना. पूर्वीं मशाली पेटवून घसरगाड्या येत, त्या मशाली चर्चपुढें एका राशींत टाकीत, आणि परततांना शर्यत लागे. जो आधीं घरीं पोंचेल त्याचें पीक आधीं येईल अशी श्रद्धा. आतां मोटारी आल्या होत्या, फारशा नव्हत्या. उपासना संपली तरी काळोखच होता. आजीबाई आम्हांस आपल्या खोलीकडे घेऊन गेल्या. नात आली होती. उंच, अबोल, केस आंखूड कापलेली. खोलींत एक चूल, भिंतींत बसविलेला पलंग, एक टेबल. पाणी नाहीं, नळ नाहीं. लांकडें धुपूं लागलीं, सर्वांच्या डोळ्यांस पाणी आलें, मग एकदम जाळ झाला. आम्ही सहा माणसें त्या एवढ्याशा जागेंत दाटीनें बसलों आणि थर्मासमधली कॉफी प्यालों.

नातीनें आपला पेला खालीं ठेवला, कोट चढविला, आणि दारामागचें लांकडी फावडें घेऊन ती बाहेर पायरीवरील बर्फ काढूं लागली. आजीबाई बोलत होत्या सौ.शीं, पण पाहत होत्या खिडकींतून, ती फावडें कसें धरते तिकडे.