शिकारींतलें रिव्हॉल्वर

नागपूरच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर सातपुड्याचीं रानें लागतात, आणि शिकारीच्या कथा आम्हां नागपूरकरांनीं लहानपणापासून ऐकलेल्या असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्या कथांचें युग संपलें, व तें संपलें हें इष्टच झालें. परंतु त्या पिढीच्या अनुभवांतील एक धडा अद्यापि कामाचा आहे.

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या माझ्या भाच्यानें गेल्या वर्षीं लिहिलें, "मामा, इकडे परवाना काढून हरणांची, अस्वलांचीहि शिकार रिव्हॉल्वरनें करतात. मीं कोणतें घ्यावें? आजोबा काय म्हणाले असते?"

आमच्या वडिलांच्या कमरेस रानांत रिव्हॉल्वर असे. पण त्यानें त्यांनीं शिकार कधींच केली नाहीं. हत्तीच्या हौद्यांत बसणारे साहेब शिकारीहि दोन किंवा चार नळ्यांचें आखूड पिस्तूल जवळ बाळगीत, तें वाघ हत्तीच्या अंगावर चढून आलाच तर हातभर अंतरावरून झाडण्यासाठीं. शिकार रायफलीनें करावयाची आणि पिस्तुलानें जीव वांचवावयाचा, अशी ती वांटणी होती.

ही वांटणी पुढें अमेरिकेंत मोडली. जुन्या .४५५ वेब्ली रिव्हॉल्वरची गोळी सेकंदास सुमारें सव्वासहाशें फूट वेगानें जाई. १९५५ सालीं निघालेल्या .४४ मॅग्नमच्या गोळीचा वेग त्याच्या दुप्पट; आणि वेग दुप्पट झाला कीं जोर चौपट होतो, हें शाळेंतला मुलगाहि सांगेल. तथापि मोठ्या शिकारीसाठीं नांवाजलेल्या .३७५ मॅग्नम रायफलीचा जोर याच्याहि चौपट असतो, हें विसरून चालत नाहीं. शिवाय आखूड नळीवर नेम धरण्याच्या दोन खुणा अगदीं जवळ येतात. त्यामुळें हाताचा यत्किंचित् कंपहि लक्ष्यापाशीं वीतभर चूक घडवितो.

म्हणून भाच्यास लिहिलें, कीं रिव्हॉल्वर लांब नळीचें व वजनदार घ्यावें. वजनानें धक्का सोसवतो. गोळी कठीण व बोथट नाकाची असावी, म्हणजे ती खोल जाते. घोडा आधीं मागें ओढावा, दोन्ही हातांनीं धरावें, आणि झाडाचा वा दगडाचा टेका मिळाला तर सोडूं नये.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढची. जखमी जनावर झाडींत शिरलें, कीं त्याच्या मागें जाणें हें शिकाऱ्याचें कर्तव्य होतें. वडील त्यासाठीं उपाशीपोटीं दिवस घालवीत, आणि त्यांतला धोका त्यांस पुरता ठाऊक होता. जोर कमी असलेल्या हत्याराचा खरा भुर्दंड तो हाच. तो अर्धा जनावर भरतें, अर्धा शिकारी. तेव्हां प्रथम चांदमारी करावी. ज्या अंतरावरून सहाच्या सहा गोळ्या ताटलीएवढ्या वर्तुळांत पडतात, तेवढाच आपला पल्ला समजावा. त्यापलीकडे उभें असलेलें जनावर कितीहि देखणें असलें, तरी तें आपलें नव्हे; त्यास खुशाल जाऊं द्यावें.