एकच रामायण, अल्बम अनेक

चकलांबा, रविवार रात्र

रेडिओवरचं गीतरामायण गाण्यांच्या अॅपमध्ये घातलं, तर एका अल्बमऐवजी अल्बमांची रांगच लागली. माणिक वर्मा एकीकडे, वसंतराव देशपांडे दुसरीकडे, सुधीर फडके तिसरीकडे. बाबा म्हणाले, "अरे, रामायण एकच आहे ना?"

त्यांचं बरोबर आहे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर गदिमांची, म्हणजे ग. दि. माडगूळकरांची, ही ५६ गीतं अनेकांनी गायली. चाली सगळ्या बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या. अॅपला हे कुठून कळणार? ते फोल्डर बघत नाही, फाइलच्या पोटातले टॅग, म्हणजे गाण्याच्या माहितीच्या नोंदी, वाचतं. गायक बदलला की अल्बम वेगळा. 'अल्बम आर्टिस्ट'च्या रकान्यात सगळीकडे एकच नाव घातलं, अल्बमचं नाव तंतोतंत सारखं केलं (शेवटी राहिलेली एक मोकळी जागासुद्धा घोळ करते), गाण्यांना क्रमांक दिले आणि लायब्ररी पुन्हा स्कॅन केली. रामायण जुळलं.

काही नावांच्या जागी मात्र नुसती प्रश्नचिन्हं. ते टॅग जुन्या पद्धतीचे होते: १९९६ च्या पहिल्या आयडी३ टॅगमध्ये नावाला जेमतेम तीस अक्षरांची जागा, तीही रोमन लिपी धरून. टॅग युनिकोडवाल्या नव्या आवृत्तीत साठवले, तेव्हा मराठी उमटली.

या टॅगमध्ये गीतकाराचाही रकाना असतो. अनेक अॅप तो दाखवतच नाहीत. पण आपल्याकडे भावगीत कवीच्या नावानंही ओळखलं जातं. दिसो न दिसो, छप्पन्न फाइलींत 'ग. दि. माडगूळकर' लिहूनच झोपणार आहे.