मोत्याची दिवाळी

दिवाळीत घराला कुलूप घालून गावाला जाणाऱ्या माणसांविषयी माझे मत कधीच चांगले नव्हते. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत माणसाने आपला उंबरा सोडू नये, फराळाची ताटे शेजारी पोचवावीत, शेजारच्या चकल्या आपल्याच चकल्यांपेक्षा खुसखुशीत निघाल्याचे दुःख मुकाट्याने गिळावे, अशा वळणात आम्ही वाढलो. आणि तरीही गेल्या वर्षी नरकचतुर्दशीला, पहाटेचे अभ्यंगस्नान आटोपून, आम्ही दोघे म्हातारा-म्हातारी कळमेश्वरचे घर बंद करून चिखलदऱ्याला निघालो. निमित्त मोत्या.

मोत्या हा आमचा कुत्रा. जात विचाराल तर शुद्ध गावठी. नऊ वर्षांपूर्वीच्या आषाढात पावसाने भिजून आमच्या न्हाणीघराच्या पन्हाळीखाली येऊन बसला, तो बसलाच. हा वीर एरवी मालगाडीच्या शिट्टीला दाद देत नाही, रस्त्यावरच्या बैलाला वाट सोडत नाही. पण फटाका वाजला की त्याचा जीव पाण्याहून पातळ होतो. पलंगाखाली शिरतो, लाळ गळते, दोन-दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही. माणसाला ऐकू येतात त्याच्या दुपटीहून उंच पट्टीचे आवाज कुत्र्याला ऐकू येतात. आपल्याला जी गंमत वाटते ती त्याच्या कानात काय होऊन उतरत असेल, कोण जाणे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढीच मुभा दिली. परंतु आमच्या गल्लीतल्या पोरांचे घड्याळ आणि न्यायालयाचे घड्याळ यांचा मेळ अजून बसलेला नाही.

तरीही केवळ मोत्यासाठी मी उंबरा सोडला असता असे नाही. खरे कारण जुने आहे, आणि ते सांगायला मला आजही जड जाते.

१९८६च्या दिवाळीत आमच्याकडे राजा नावाचा काळा कुत्रा होता. आमचा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याच्या हट्टाखातर मी शंभराची लड आणली, अंगणात मांडली आणि उदबत्ती त्याच्या हातात दिली. राजा कडुनिंबाला बांधलेला होता. लड वाजून धूर निवला तेव्हा नुसती साखळी पडलेली दिसली. तीन दिवस आम्ही बापलेक रुळांच्या कडेने, कापसाच्या शेतांतून हाका मारत हिंडलो. राजा सापडला नाही. मुलाने त्यानंतर फटाका हातात धरला नाही. मला मात्र तो शब्दाने काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

तो आता स्वित्झर्लंडात नोकरीला आहे. तिकडून आगगाडीचे फोटो पाठवतो. खिडकीबाहेर आल्प्सची बर्फाची शिखरे आणि आत बाकाखाली एखादा भला दांडगा कुत्रा ऐसपैस पसरलेला! खांद्यापाशी तीस सेंटिमीटरांहून उंच कुत्र्याला तिकडे अर्धे तिकीट पडते. पिशवीत मावणारा फुकट जातो. बर्नच्या संग्रहालयात बॅरी नावाचा कुत्रा पेंढा भरून जपून ठेवला आहे. १८०० ते १८१२ या काळात सेंट बर्नार्ड घाटातल्या मठात असताना त्याने बर्फात अडकलेल्या चाळीसांहून अधिक माणसांचे प्राण वाचवले, असे सांगतात. आपल्याकडे मात्र कुत्र्याला आगगाडीतून न्यायचे तर पहिल्या वर्गाचा सबंध कूपे घ्यावा, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत कोंडावे. ते पाहून मी आमची जुनी मोटार पुसून काढली. कारण मुलगा फोनवर एवढेच म्हणाला होता, "बाबा, या दिवाळीत मोत्याला कुठंतरी शांत जागी न्या ना."

हिची अडचण वेगळीच होती. "लक्ष्मी दाराशी आली आणि कुलूप पाहून परत फिरली तर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. अखेर शेजारच्या वहिनींनी आमच्या दारात पणती लावण्याचे कबूल केले आणि मार्ग मोकळा झाला.

चिखलदऱ्याला मी आधी चार ठिकाणी फोन करून कुत्रा चालेल का, असे विचारले होते. तिघांनी सरळ नाही म्हटले. चौथा म्हणाला, "या तर खरं जी, पाहून घेऊ." वऱ्हाडात "पाहून घेऊ" याचा अर्थ काहीही होऊ शकतो, हे मला ठाऊक असायला हवे होते.

काटोल, वरूड, मोर्शी असा संत्र्यांचा मुलूख मागे टाकत निघालो. आंबिया बहाराची फळे रस्त्याकडेला ढिगांनी विकायला मांडली होती. परतवाड्याच्या पुढे घाट लागला. हवा बदलली तसे मोत्याने नाक खिडकीबाहेर काढले, ते वर पोचेपर्यंत आत घेतले नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच. आल्प्सचे लोक याला टेकडी म्हणतील; म्हणोत बापडे. आमच्या कळमेश्वरच्या माणसाला तेवढा गारवा पुरतो.

उतरलो तर व्यवस्थापक म्हणाला, "कुत्रं अंदर नाही चालत जी. व्हरांड्यात बांधा." बांधला. दिवेलागणीला तिथला म्हातारा चौकीदार आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "व्हरांड्यात नका ठेवू साहेब. रात्री बिबट येते इकडे. कुत्र्यावर लई डोळा असते त्याचा."

झाले! खोलीत नियम आणि बाहेर बिबळ्या. मी मोत्याला घेऊन मोटारीत झोपायला गेलो. त्र्याहत्तराव्या वर्षी मोटारीच्या मागल्या बाकावर कुत्र्याच्या पाठीला पाठ लावून झोपणे म्हणजे हवापालट खरा, पण गुडघ्यांना तो मानवत नाही. अकराच्या सुमारास काचेवर टकटक झाली. बिबळ्या टकटक करत नाही, म्हणून दार उघडले. ही दोन्ही रजया घेऊन उभी होती. "सरका," म्हणाली, आणि पुढच्या बाकावर बसली. एक सबंध फटाकासुद्धा कुठे वाजला नाही. एवढी नीरव दिवाळी मी जन्मात ऐकली नव्हती.

सकाळी आमच्या अवघडलेल्या माना पाहून व्यवस्थापकाला काय वाटले कोण जाणे, किंवा हिने दिलेल्या अनारशांनी काम केले असेल. त्याने गाद्यागिरद्यांचे कोठीघर मोकळे करून दिले. "हे काही खोली नाही जी," तो म्हणाला, "म्हणून इथं कुत्रं चालते."

भीमाने कीचकाला मारून याच दरीत लोटले आणि भीमकुंडावर हात धुतले. कीचकदऱ्याचा चिखलदरा झाला, अशी कथा आहे. कड्यापाशी उभा राहून मला मात्र त्याच्या थोरल्या भावाची आठवण झाली. पर्वतावर कुत्र्याला बरोबर घेऊन जाणारा आपल्यातला पहिला माणूस धर्मराजच. त्यालाही वर पोचल्यावर इंद्राने दारात अडवून कुत्र्याला आत मज्जाव केलाच. व्यवस्थापकांची परंपरा फार जुनी आहे!

पुढे गाविलगडाच्या वाटेवर जंगल खात्याच्या माणसाने अडवले. तो बरोबर होता. आपल्या कुत्र्यांचे रोग जंगलातल्या जनावरांना लागतात आणि ती हकनाक मरतात. ही एकटीच किल्ला पाहायला गेली. १८०३च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने जिंकलेला तो किल्ला मी या खेपेला पाहिला नाही. मोत्या आणि मी एका झाडाखाली बसलो. तो दरीकडे पाहत होता म्हणून मीही पाहू लागलो. तासभर पाहिले. पस्तीस वर्षांच्या मास्तरकीत आणि त्यानंतरही असा एक सबंध तास मी काही न करता घालवल्याचे आठवत नाही.

संध्याकाळी कोठीघरात गाद्यांच्या चळतीपुढे पाट मांडून हिने लक्ष्मीपूजन केले. लाह्या-बत्तासे चौकीदारापर्यंत पोचले. मोत्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या. त्याने लक्ष्मीपूजनाच्या दिवशी खाल्लेले हे पहिले जेवण. मग तो दाराशी आडवा झाला.

रात्री मुलाचा फोन आला. तिकडे अजून संध्याकाळच होती.

"मोत्या कुठं आहे बाबा?"

"झोपलाय. घोरतोय."

"ऐकवा."

मी फोन मोत्याच्या नाकाशी धरला. बराच वेळ पलीकडून शब्द आला नाही. मग तो म्हणाला, "राजा घोरायचा का हो?"

मला आठवेना. हिने माझ्या हातातून फोन घेतला.

"घोरायचा तर," ती म्हणाली. "तुझ्याच अंथरुणापाशी झोपायचा ना."